शंकरअण्णांची फोर-व्हील

शंकरअण्णांची आणि माझी ओळख पायांकडून झाली. म्हणजे मला आधी त्यांचे पायच दिसले.

भोरला नवीन बिऱ्हाड केलं होतं. सकाळी वेल्ह्याला शाळेत जायला निघालो, तर माझ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. एका वहाणेचा अंगठा तारेनं बांधलेला. "अहो, अहो" करत खाली वाकलो, तर गाडीखालून अगदी निवांत आवाज आला, "मागच्या चाकांलाबी शाफ्ट दिलाय की वो हिला."

"कोण आपण?"

"शेजारी."

मग ते सावकाश बाहेर आले. आधी पोट, मग पांढऱ्या मिशा, मग टोपी, तीही जागच्या जागी. उठून त्यांनी शर्ट झटकला. नाव-गाव, कुठून आलात, किती मुलं, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "फोर-व्हील का ऑल-व्हील?"

मी म्हणालो, "चाकं चारच आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेला बसलेल्या पोराला 'तुझं नाव काय' विचारावं आणि त्यालाही उत्तर येऊ नये, तेव्हा मी असाच पाहतो.

ती गाडी खरं तर माझी निवड नव्हती. मावसभाऊ परदेशी निघाला, त्याची गाडी माझ्याकडे आली. ती चारही चाकांनी ओढते, गरज पडेल तसा जोर स्वतःच पुढेमागे करते, हे मला अण्णांनी खालून शोधून सांगितलं.

गाडी खालून बघायची, हा अण्णांचा धर्म. वरून बघण्यात त्यांना रस नव्हता. "रंग काय, भिताडालाबी आसतो," म्हणायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला मंडळी गेली होती. आत पोहे चाललेत, मुलाची नोकरी विचारून झाली, आणि अण्णांचा पत्ता नाही. ते अंगणात नवऱ्या मुलाच्या गाडीखाली. परत येताना सगळ्यांनी मत विचारलं, तर म्हणाले, "पोरगं बरं हाय. पन मागनं आईल गळतंय. घरात कुनाचं ध्यान न्हाई." लग्न झालं. पुतणीचं उत्तम चाललंय. तरी ती माहेरी आली की अण्णांचा पहिला प्रश्न, "गळायचं थांबलं का?"

अण्णांची सगळी नोकरी वेल्ह्याला सरकारी जीपवर ड्रायव्हर म्हणून झाली. सह्याद्रीत जिथं रस्ता संपतो, तिथून अण्णांची ड्युटी सुरू व्हायची. साहेब बदलत गेले, अण्णा आणि जीप तीच. त्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक दांडा होता. तो ओढला की चारही चाकांना जोर मिळायचा. अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान त्या दुसऱ्या दांड्यातून आलेलं. "दांडा हातात पायजे," हे वाक्य ते दिवसातून कितीदा तरी म्हणत. गाडीबद्दल, राजकारणाबद्दल, एकदा तर अळूच्या फदफद्याबद्दलही.

मला फरक समजावून सांगण्यासाठी त्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर चहाचे चार कप मांडले.

"ही चार चाकं. फोर-व्हीलमदी काय? तुमी दांडा वडला, की पुढची आन् मागची एकसाथ वडनार. खड्डा येऊ द्या, चिखूल येऊ द्या, ठरलं म्हंजे ठरलं. आता तुमची ऑल-व्हील. ती आधी पुढच्या दोनावरच चालनार. मंग पुढचं घसरनार. मंग गाडी इचार करनार, घसरलं वाटतं गं बया, मागच्यास्नी सांगावं का? तवर तुमी वढ्यात."

मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून ठेवलं होतं. म्हणालो, "अण्णा, ते क्षणात होतं. माणसाला कळायच्या आत गाडीला कळतं."

"मानसाला कळायच्या आत?"

"हो."

"मंग मानूस कशापायी बसवायचा आत?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात अंजनाकाकी बाहेर आल्या आणि "कप धुवायचं हायेत" म्हणून मागची दोन चाकं घेऊन गेल्या.

काकी म्हणजे अण्णांची बायको. अंगानं भरलेल्या, बोलायला कमी, हसायला पटकन. गुडघ्यांनी हैराण. अंगणातून घरात यायचं तरी आधी भिंतीला हात, मग दाराला हात, मग अण्णांना हाक. अण्णा गाडीखाली असले, तर काकी दाराला धरून थांबून राहायच्या.

आणि जीप. रिटायर झाल्यावर अण्णांनी एका बागायतदाराकडून जुनी जीप घेतली होती. कधीकाळी हिरवी असावी. मी भोरला आलो तेव्हा तिचा तो लाडका दुसरा दांडा फोर-व्हीलमध्येच अडकून बसला होता. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अशी जीप चिखलात वाघ असते, पण डांबरी रस्त्यावर वळायला तयार होत नाही. वळणावर टायर कुरकुरतात आणि गाडी उड्या मारते. त्यामुळे अण्णा शक्यतो वळण नसलेल्या ठिकाणीच जीप न्यायचे. आणि भोर तालुक्यात तसं ठिकाण नाही.

दुरुस्ती नसरापूरला, शिवा मिस्त्रीकडे. मी रोज नसरापूरवरूनच वेल्ह्याला जायचो. तेव्हा निरोप्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

"शिवाला म्हनावं, दांड्याचं काय झालं?"

संध्याकाळी मी शिवाचं उत्तर घेऊन यायचो, "पार्ट निघालाय म्हणतो."

पार्ट पुण्याहून निघालेला असायचा. मग तो कात्रजला कुणाच्या तरी दुकानात असायचा. मग कुणाच्या तरी टेम्पोत. मग टेम्पोवाल्याच्या घरी लग्न निघायचं. शेवटी तो नसरापुरात पोचला, तेव्हा तो दुसऱ्याच जीपचा निघाला. आमच्या जीपपेक्षा तो पार्ट जास्त हिंडला. अखेर शिवानं वरवे गावातल्या एका लेथ मशीनवर तसाच तुकडा घडवून घेतला आणि बसवला.

दांडा सुटला. पण जीपचा स्वभाव असा, की एका जागचं दुखणं बरं केलं की ते दुसरीकडे उठायचं. दांडा सुटला तर मागून तेल गळायला लागलं. अण्णांच्याच जीपमधून! ते त्यांना इतकं लागलं, की दोन दिवस कुणाच्या गाडीखाली गेले नाहीत. तेल थांबलं, तर तिसरा गिअर टिकेना. टाकला की आपोआप बाहेर. हॉर्न वाजवला की काचेवरचा वायपर हलायचा, आणि पावसात वायपर लावला की काहीच व्हायचं नाही.

शिवा वैतागला होता, पण त्याचं गाऱ्हाणं जीपबद्दल नव्हतं. "सर," तो मला म्हणाला, "अण्णास्नी आठवडाभर घरी अडकवून ठिवा. जीप आपसूक नीट व्हईल. सकाळी डबा घिऊन येत्यात, टायरवर बसत्यात, आन् माज्या हातातला पाना बघून 'हं' म्हनत्यात. ह्या 'हं'नं माजी बोटं चालत न्हाईत."

अण्णांचं म्हणणं, "हं न्हाई म्हनलं तर त्यो झोपतो."

जीप हातात आली की ट्रायल. ट्रायलला काकी हव्यातच, कारण तिसरा गिअर धरून बसायला माणूस लागायचा. भोरच्या रस्त्यानं जीप चाललीय, वरची ताडपत्री गळतेय म्हणून काकींच्या एका हातात उघडी छत्री, दुसऱ्या हातात गिअरचा दांडा, हे दृश्य आमच्या आळीच्या सवयीचं झालं होतं. मी एकदा विचारलं, "काकी, जीप तुम्ही चालवता की अण्णा?"

"मी फकस्त तिसरा," काकी म्हणाल्या.

श्रावणातल्या एका रविवारी मीही ट्रायलला गेलो. अण्णांनी जीप वरंध घाटाच्या रस्त्याला घातली. उजवी-डावीकडे हिरवं गच्च, धरणाचं पाणी वर आलेलं. मी मागे. काकी पुढे, ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. सहलीचा बेत दिसतोय, मला वाटलं. मी खुशीत होतो.

निगुडघर मागे पडलं आणि एका चढाला अण्णा ओरडले, "तिसरा! धर!"

काकींनी धरला. मग काकी शांतपणे म्हणाल्या, "अवो, ह्यो आला."

दांडा मुळातून निघून काकींच्या हातात आला होता. त्यांनी तो अण्णांकडे दिला. अण्णांनी जीप कडेला घेतली आणि त्या दांड्याकडे बघत राहिले. दांडा हातात पाहिजे, असं ते इतकी वर्षं म्हणत होते. आता तो खरोखरच हातात होता. मला हसू आवरेना. अण्णाही हसतील म्हणून मी थांबलो, पण ते हसले नाहीत. पुढे डोंगराकडे एकदा बघितलं, मग काकींकडे, आणि म्हणाले, "पुढल्या टायमाला."

"व्हय की," काकी म्हणाल्या.

एस.टी.नं आम्ही परत आलो. पिशवी काकींच्या मांडीवर तशीच होती.

दिवाळी होऊन गेली. एका शनिवारी शाळेतून येताना नसरापूरला थांबलो, तर जीपचं इंजिन बाहेर काढून गोणपाटावर ठेवलेलं. शिवा हात पुसत माझ्याजवळ आला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"सर, अण्णांच्या घरी काय झालंय का? दुपारी आलं व्हतं. उद्या जीप पायजे म्हनलं. म्या म्हनलं, अण्णा, इंजान भुईवर हाय, उद्या कशी दिऊ? तर भांडलं न्हाईत, काय न्हाई. निस्तं हुबं राह्यलं. चा दिला तर घेतला न्हाई. 'हं' सुदिक म्हनलं न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. अण्णा. परीटघडीचा शर्ट, नवी टोपी. माझी गाडी दारातच होती, पण त्यांनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सर, गाडी मोकळी हाय का आज?"

"आहे की. कुठं जायचंय?"

"हिर्डोशीच्या वर. वस्तीला. हिचं म्हायेर हाय." जरा थांबले. "रस्ता आसा न्हाई. पन तुमची चढंल."

मी म्हणालो, "अण्णा, ही ऑल-व्हील आहे."

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "बगितलीया म्या खालनं."

काकींचे गुडघे दुमडायचे नाहीत म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. अण्णा त्यांच्या मागे. भोर सुटलं तशा काकी आपणहून बोलायला लागल्या. इतकं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो.

त्यांचे आईवडील त्या लहान असतानाच गेले. थोरल्या भावाच्या बायकोनं, वैनीनं त्यांना वाढवलं. न्हाऊ घातलं, लग्न लावून दिलं. भाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वैनी वस्तीवर तिच्या पुतण्याजवळ असते. एस.टी. खाली फाट्यावर सोडते, तिथून डोंगर चढायचा. काकी चालत जायच्या, गुडघे गेले तेव्हापासून ते बंद. वस्तीवरची माणसं म्हणाली, आजारी नाहीतर मेलेलं माणूस नेतात तशा डोलीतून नेतो. काकींनीच नको म्हटलं.

"जित्या मानसाला डोलीत बघून वैनी घाबरून जायची," त्या म्हणाल्या.

"फोन नाही का तिकडे?"

"हाय की. पन ती ठार भैरी. निस्तं हॅलो हॅलो म्हनती. मी तिचं हॅलोच ऐकती आन् ठिवती." काकी हसल्या. मग म्हणाल्या, "परवा बाजाराला त्यांच्याकडचा मानूस आला व्हता. वैनी आता उठत न्हाई म्हनला. अंजी येती का, आसं इचारती."

धरणाचं पाणी बाजूनं चाललं होतं. मला एकदम काहीतरी सुचलं. विचारलं, "काकी, अण्णांनी जीप कधी घेतली?"

"माजं गुडघं गेलं त्याच सालाला. मला म्हनलं, रिटायर झालोय, हौस म्हनून घेतो." काकी समोर बघत होत्या. "हौस!"

मी आरशात पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "पानी लई हाय धरनात औंदा," ते म्हणाले.

हिर्डोशीच्या पुढे डांबरी सोडली. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी. रस्ता म्हणजे पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या आणि नंतर वाळून दगड झालेल्या चाकोऱ्या. पहिल्याच चढाला अण्णा उतरले. गाडीपुढे उलटे चालत त्यांनी मला हातानं दिशा द्यायला सुरुवात केली. मध्येच वाकून एखादा धोंडा बाजूला करायचे, एखादा चाकोरीत टाकून पायानं ठोकायचे. नव्या टोपीवर लाल धूळ बसली. एकदाही "फोर-व्हील असती तर" म्हणाले नाहीत.

वस्तीच्या अगदी खाली एका ओघळीत पाणी झिरपत होतं. तिथं पुढची चाकं फिरायला लागली. नुसती फिरायला. माती मागे उडाली, गाडी बाजूला सरकली. काकींनी डोळे मिटले. मीही मनातून सोडून दिलं होतं. अण्णा समोर उभे, दोन्ही हात पुढे केलेले, जसं काही गाडीला चालायला शिकवतायत.

मग मागून एक दणका बसल्यासारखा झाला. मागच्या चाकांनी धरलं. गाडी गुरगुरली आणि सरळ वर आली.

अण्णांनी पळत येऊन बॉनेटवर हात ठेवला. "कळलं!" ते ओरडले. "कळलं की वो हिला!"

वैनी पडवीत बाजेवर होती. अगदी एवढीशी झालेली. काकी बाजेशी टेकल्या, तसा तिनं हात वर करून त्यांचा चेहरा चाचपला. गाल, कान, कपाळ. आणि म्हणाली, "अंजे, लई वाळलीस गं."

आमच्या काकी! पडवीतली सगळी माणसं हसली. काकीही हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. मग त्यांनी पिशवी उघडली. तेलाची बाटली काढली, फणी काढली. वैनीचं डोकं मांडीवर घेऊन तेल घालत बसल्या. बोलणं काहीच नाही. बोललेलं तिला ऐकू येणार नव्हतंच.

अण्णा आत आलेच नाहीत. खळ्याच्या कडेला, गाडीजवळ बसून राहिले. त्यांच्यासाठी नाचणीची भाकरी बाहेर नेऊन दिली, ती मांडीवर तशीच.

मी शेजारी बसलो. "आत जा की अण्णा."

"त्यांचं चालू द्या."

"मला आधी सांगितलं असतं, तर मी कधीच आणलं असतं काकींना."

"म्हाईत हाय वो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "लगीन झालं तवा ह्या वैनीला सबूद दिला व्हता म्या. वरसातनं दोनदा घिऊन यीन म्हनलं. गुडघं व्हतं तवर चालत आलो. सरकारी गाडीत घरचं मानूस बसवायचं न्हाई, आन् म्या कंदी बसिवलं न्हाई. पर सर, एकेक सायेबाला समद्या डोंगरावर चढिवलं. हिला तेवडं न्हाई चढिवता आलं."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुमच्या गाडीच्या खालनं एक दगूड लागलाय. आवाज आला व्हता. बगतो." आणि उठून गाडीखाली गेले. दगड कुठं लागला असता तर एवढ्या वेळात दिसला असता. ते बराच वेळ खालीच होते.

ऊन कलल्यावर निघालो. वैनीनं काकींचा पदर धरून ठेवला होता, तो पुतण्यानं हळूच सोडवला. "पुन्ना येती," काकी तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या. तिला ऐकू गेलं असावं, कारण ती म्हणाली, "हॅलो."

उतारावर अण्णा पुन्हा पुढे चालले. डांबरी लागल्यावर मागे येऊन बसले. धरणाच्या पाण्यावर संध्याकाळ उतरली होती. काकींचा डोळा लागला. दिवसभराचं रडणं-हसणं, झोप यायचीच. त्यांची मान खिडकीकडे कलली आणि एका खड्ड्याला डोकं काचेवर आपटायला आलं.

आपटलं नाही. मागून अण्णांचा हात आला होता. सीटच्या आणि दाराच्या फटीतून त्यांनी पंजा पुढे घालून काचेला उलटा टेकवला, आणि काकींचं डोकं त्या पंजावर विसावलं. पहिल्या खड्ड्याला मला वाटलं, आता काढून घेतील. त्यांनी काढला नाही. मी वेग कमी केला. मागून गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. निगुडघर गेलं, घाटाचा रस्ता संपला, भोरचे दिवे दिसायला लागले, तो हात तिथंच होता. तसं वाकून बसून त्यांची पाठ भरून आली असणार.

आळीत शिरलो. त्यांच्या दारासमोर गाडी उभी केली आणि बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या सर," अण्णा मागून अगदी हळू म्हणाले. "चालूच ऱ्हाऊ द्या जरा. थरथर थांबली की जाग येती तिला."